पदाची हाव नसलेली माणसं

नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या मराठी मंडळात एकही गट नाही, असं मंडळाच्या घटनेतच नमूद आहे. त्यामुळे ‘चीनमधला झिली गट’ या विषयावर व्याख्यान ठेवायचं म्हटल्यावर कार्यकारिणीत चलबिचल होणं साहजिक होतं.

व्याख्याती संहिता टिलबर्गच्या विद्यापीठात संशोधक. शंभर वर्षांपूर्वी चिनी प्रजासत्ताकाचे लचके तोडणाऱ्या, झिलीसारख्या गटांतल्या लष्करी सरदारांवर तिचं काम. सर्वसामान्यांपुढे एक तरी व्याख्यान दिल्याखेरीज तिचा करार वाढणार नव्हता, आणि करार नाही म्हणजे गाशा गुंडाळून थेट पुणे. बिचारी अगदी रडकुंडीला आली होती.

“विषय छान आहे हो,” अध्यक्ष बाळासाहेब म्हणाले. “फक्त तो ‘गट’ शब्द काढा. उगाच गैरसमज होतात.”

“अजिबात काढायचा नाही!” चिटणीस मेधाताई कडाडल्या. “ह्यांना का झोंबतोय, ते कळू दे सगळ्यांना.”

संहितानं घाईघाईनं समजावलं, की हे सरदार लढाईआधी देशभर जाहीर तारा पाठवायचे: मला पदाची हाव नाही, पण जनतेसाठी नाइलाजानं पुढे यावं लागतंय. तार गेली की मागून तोफा.

दोघांनीही ते वाक्य लगेच टिपून घेतलं. संहिताला वाटलं, चला, पटलं एकदाचं!

तिची ट्रेन टिलबर्गला पोचायच्या आत मंडळाच्या ग्रुपवर बाळासाहेबांचा मेसेज येऊन पडला: “मला पदाची हाव नाही, परंतु...” पाठोपाठ मेधाताईंचा: “मलाही पदाची हाव नाही, तथापि...” मग बाळासाहेबांनी मेधाताईंना ग्रुपमधून काढलं आणि मेधाताईंनी ‘अखंड मराठी मंडळ’ काढलं. एकाच हॉलसाठी दोन मराठी मंडळं भांडायला लागल्यावर हॉलवाल्या डच बाईनं तो झुंबाच्या क्लासला देऊन टाकला. व्याख्यान रद्द झालं. कारण दिलं, मंडळाची एकजूट.

“काका, अहो, माझी नोकरी जाईल!” संहिता फोनवर कळवळली.

“अगं, समाजापुढे एकट्यादुकट्याचं काय घेऊन बसलीस?” बाळासाहेब म्हणाले.

पोरगी रात्रभर ढसाढसा रडली. सकाळी उठून तिनं तिसरं मंडळ काढलं, ‘निष्पक्ष मराठी मंडळ’. अध्यक्ष या नात्यानं स्वतःलाच व्याख्यानाचं निमंत्रण दिलं आणि सगळ्यांना मेसेज धाडला: “मला पदाची हाव नाही, पण...” त्यावर पसंतीच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला.

व्याख्यान झालं, करार वाढला. अध्यक्षपद मात्र तिनं अजून सोडलेलं नाही. जनतेचा आग्रह आहे म्हणे.

जनता म्हणजे तुम्हीच की. मेसेज न वाचता अंगठा दिला होतात, आठवतंय ना?