अगं ऊठ, बोट चुकेल

आमचे दिघेकाका रक्तातल्या पेशींना झोपेतून उठवतात. नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं की पांढरा धूर जमिनीवर उतरतो. त्या ढगात काका गुडघाभर उभे, आणि मग गोठलेल्या ट्यूबा कोमट पाण्यात हलवत म्हणतात, "उठा मंडळी, उजाडलं. डोळे चोळा. घाई नाही."

विक्रोळीच्या आमच्या लॅबमध्ये डांग्या खोकल्याच्या लशीचं काम चालतं. लस घेण्याआधी आणि नंतर लोकांचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशी गोठवून ठेवायच्या आणि मग एक दिवस त्यांना जागं करून जंतूचे तुकडे दाखवायचे. ज्या पेशीला जंतू आठवतो, तिच्या जागी दुसऱ्या दिवशी निळा ठिपका उमटतो. ठिपके मशीन मोजतं, पण काकांचा मशीनवर काडीचा विश्वास नाही. ते भिंग लावून पुन्हा मोजतात. पहिल्याच आठवड्यात मी उत्साहानं ओरडले, "काका, खूप ठिपके आलेत!"

"मॅडम," काका शांतपणे म्हणाले, "खूप हा आकडा नाही."

मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मॅडम. अख्खी मुंबई अरे-तुरे करत असताना हा माणूस कँटीनच्या मांजरालाही "अहो, जरा सरकता का?" म्हणतो. मांजर सरकत नाही. काका दुसऱ्या खुर्चीवर बसतात.

त्यामुळे एका ट्यूबचं मला कोडं पडलं होतं. ती कंट्रोलची. दर वेळी त्याच एका माणसाच्या पेशी बरोबर लावायच्या, म्हणजे आपलं काही चुकलं तर लगेच कळतं. नियमाप्रमाणे तिच्यावर नाव नाही, नुसता नंबर. सगळ्या ट्यूबा 'मंडळी', आणि हिला मात्र काका हळूच म्हणत, "अगं ऊठ. बोट चुकेल."

विक्रोळीत कुठली आलीय बोट? मला वाटायचं, म्हातारा नायट्रोजन जास्त हुंगतो.

परवा मीटिंगमध्ये मीच शहाणपणा केला. "त्या कंट्रोलची एकच ट्यूब उरलीय. संपवून टाकू ना, दुसरा कंट्रोल घेऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी फक्त चष्मा पुसला.

नंतर खिडकीतून खारफुटीकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, ती आमची ही. काम सुरू झालं तेव्हा रक्त द्यायला कोणी येईना, म्हणून मीच घेऊन आलो. खाडीपलीकडच्या मनोरीची पोर ती. माहेरी जायचं म्हटलं की मार्व्याची बोट गाठायला हिला हटकून उशीर. गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. पण टाकीतल्या त्या पेशी अजून जिवंत आहेत हो."

माझा चेहरा पडला. मी म्हटलं, "राहू दे ना ती. मी सांगते सगळ्यांना."

"छे! काम म्हणजे काम. फक्त जुना कंट्रोल संपण्याआधी नवा त्याच्या शेजारी एकदा लावावा लागतो." काकांनी बाही वर केली. "माझं घ्या."

त्यांचं रक्त मीच काढलं, पेशी गोठवल्या. आठवड्यानं दोन्ही ट्यूबा एकदमच कोमट पाण्यात उतरल्या. मी श्वास रोखून बोटीची वाट बघत होते. काका वाकले आणि म्हणाले, "आज सावकाश ऊठ गं. मी आहे बरोबर."

दुसऱ्या दिवशी ते भिंगाजवळ येईनात. बाटल्या पुसत दाराशीच उभे राहिले. "तुम्ही बघा मॅडम. इतकी वर्षं बर्फात... आठवलं का तिला?"

मी भिंगातून पाहिलं. प्लेटमधले दोन खळगे, एक तिचा, एक काकांचा, शेजारी शेजारी, दोन्ही निळेच निळे. माझेच डोळे भरून आले, मोजणार काय?

"खूप आहेत, काका," मी म्हटलं.

काकांनी आकडा विचारला नाही.