नवाबाचा डबा

फुलपाखरांसाठी नेलेला डबा मी खाल्ला. सगळा खाल्ला, वर बोट फिरवून चाटला.

डबा उके साहेबांचा. साहेब आमचे वर्ध्यातले शेजारी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. लोक नव्या पाहुण्याला गाव विचारतात, आडनाव विचारतात. साहेब विचारणार, "तुमच्याकडं टेकडी कोणती?" पाहुणा सपाट मुलखातला निघाला की साहेबांचा त्याच्यातला रस संपला. भाचीला देवळीचं एक चांगलं स्थळ आलं होतं, तर म्हणाले, "चहूकडं कपाशीच कपाशी. पोरगी तिथं पाहीन काय?"

त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्याकडे चहा मिळत नसे. "कपाशीचा समुद्र हाये, भाऊ, अन् टेकड्या म्हंजे बेटं. या बेटावरचं पाखरू त्या बेटावर जाईन कसं? मधात लोकं फवारे मारून राह्यले ना! सोयरीकच तुटली त्याहिची." हे इतक्या कळवळ्याने, की फुलपाखरांच्या लग्नपत्रिका जणू यांच्याच हातून वाटायच्या राहिल्या होत्या. कोणत्या टेकडीवर नुसती पिवळ्यांची गर्दी आणि कोणत्या टेकडीवर खानदानी मंडळी, हे ते बोटांवर सांगत. स्वतःच्या चुलतभावांची नावं मात्र बायकोला विचारून घेत.

अंगणात कढीपत्त्याचं भरगच्च झाड. पण त्याचं पान तोडायची कोणाला परवानगी नाही. का, तर अळ्या जेवतात. वहिनींचे पाय अर्धांगवायूने गेलेले. त्या खिडकीपाशी खुर्चीत बसून म्हणत, "घरी झाड, अन् फोडणीले कढीपत्ता बाजारातून. माह्या घरात अळीचा मान पहिला, मंग माहा."

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. दिवाळीआधी साहेब मला आंजी गावापलीकडच्या एका टेकडीवर घेऊन गेले. माझ्या गुणांसाठी नव्हे; आळीत कॅमेरा माझ्याकडेच होता. त्या टेकडीवर एकेकाळी नवाब असे. नवाब म्हणजे फिकट हिरव्या पट्ट्याचं, मागे शेपट्या असलेलं दणकट फुलपाखरू. फुलावर बसणं त्याला कमीपणाचं वाटतं. आता निम्मी टेकडी खडीच्या खदानीने खाल्लेली. उरलेल्या झाडीत तो आहे की संपला, एवढंच साहेबांना पाहायचं होतं. असेल तर त्याचा फोटो हवा होता.

मला एका तेंदूखाली बसवून त्यांनी हातात डबा दिला. "डबा उघडून ठेव, अन् गुमान बसून राय. मी वरून पाहून येतो." आणि गेले.

आत काय आहे हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही, विचारायची मला वाटली नाही. मी सकाळपासून उपाशी. केळी दिसली, गूळ दिसला. वहिनींनी शिकरण दिलं असणार. जरा आंबूस लागलं, पण शेजारधर्म म्हणून खाल्लं. पुढे कळलं, नवाबाला भुलवायला ती सडकी केळी गूळ आणि मोहफुलं घालून चांगली आठवडाभर गच्चीवर उन्हात आंबवली होती. आमचा जिल्हा दारूबंदीचा. मी आयुष्यात थेंबाला शिवलेलो नव्हतो. थोड्या वेळात तेंदूची दोन झाडं झाली आणि मी त्या दोघांच्या मधोमध आडवा झालो.

साहेब आले. आधी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, खाल्लं का तू?"

"बरं झालं होतं," मी म्हणालो.

ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसते खाली बसले. "आता तो कायले उतरते खाली? पुढच्या साली येईन म्हनावं, तं टेकडी राहीन का?" मागे खदानीचं यंत्र खडखडत होतं.

आणि नवाब उतरला. वरून सूं करून आला, एक गिरकी घेतली आणि बसला तो माझ्या मिशीवर. मिशीला केळं होतं.

"हालू नको," साहेब कुजबुजले. "श्वास बी हळू घे."

कॅमेरा माझ्याच छातीवर. साहेबांचा हात हळूहळू तिकडे सरकला. नवाबाने पंख उचलले. हात मागे गेला. मग ते नुसतं पाहत बसले. डोळे भरले होते. माझ्या चेहऱ्याकडे इतक्या प्रेमाने आजवर कोणी पाहिलेलं नाही, आणि ते पाहणंही माझ्यासाठी नव्हतं. नवाब पोटभर जेवला आणि उडून गेला. फोटो राहिला तो राहिलाच.

परतीच्या एसटीत कंडक्टरने नाक फेंदारलं. "काका, कुठून मारून आले?"

"फुलपाखराच्या वाट्याची आहे," मी खरं ते सांगितलं. आख्खी गाडी हसली, साहेब सोडून.

मी त्यांना विचारलं, "पण साहेब, नवाब दिसला म्हणून तुम्ही वहिनींना माझ्यादेखत दरवर्षीच सांगता ना?"

ते खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहत राहिले. "लगन झाल्यावर तिले पहिल्यांदा तिथंच नेलं होतं. नवाब तिलेच दिसला पहिले. मी पोहे खाऊन राह्यलो होतो. तिचे पाय गेले अन् तो बी दिसेना. मंग तिले काय सांगू? संपला म्हनून?"

घरी आलो. साहेब चपला न काढताच वहिनींच्या खुर्चीपाशी उकिडवे बसले. दोन्ही हातांचे पंख करून दाखवायला लागले: असा आला, असा फिरला, असा मिटला. बोलता बोलता अडखळत होते. वहिनी त्यांच्या हातांकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी ते दोन्ही हात धरून ठेवले.

"दरसाल तुमचा नवाब पळसाच्या खोडावर बसते," त्या हळूच म्हणाल्या. "दरसाल तेच खोड. मले का समजत नसन? या साली खरंच दिसला तुमाले."

मी छाती काढून पुढे झालो. "वहिनी, खरंच दिसला! खास माझ्या मिशीवर येऊन बसला. मलाच निवडलं त्याने!"

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्यात काय, भाऊजी? तो शेनावर बी बसते."