हवापालट, रोह्याला

"आठ दिवस मला कुणी चहा मागायचा नाय," सगुणाने एकच अट घातली. "मग काश्मीरला न्या नायतर शेजारच्या कासूला."

अट साधी होती, पण कमळाकरला घाम फुटला. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि फिरायला नेण्याचं वचन अकरा वर्षांचं होतं. घर पेणच्या बाजारालगत. जवळच्या जोहे गावचे त्याचे झाडून सगळे नातेवाईक मूर्तींचे रंग घ्यायला, दात काढायला, कोर्टाच्या तारखेला पेणला येत आणि पिशव्या सगुणाकडे ठेवत. पिशवीमागे एक चहा ठरलेला. त्यात नागोठण्याच्या कंपनीची जीप. कमळाकर तिथे बॉयलरवर होता. कुणी दांडी मारली की ड्रायव्हर दाजी दारात येऊन दोनदा हॉर्न वाजवी, सगुणाच्या हातचा चहा पिई आणि कमळाकरला सुट्टीच्या दिवशीसुद्धा उचलून नेई.

मुलं दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेल्यावर नवरा-बायको तीन संध्याकाळी ठिकाण शोधत बसले. महाबळेश्वर खिशाला झेपेना. कोल्हापूरला कमळाकरची मावशी होती, नाशकात त्याचा चुलतमामा. गणपतीपुळ्यात कुणीच नाही म्हणून आनंद झाला, तेवढ्यात आठवलं, आत्याची धाकटी तिथेच दिली होती. आणि पाहुणे असलेल्या गावात लॉजवर उतरायचं म्हणजे जन्माचा रुसवा. थोडक्यात, परवडत होतं तिथे नातेवाईक होते, आणि नातेवाईक नव्हते तिथे परवडत नव्हतं.

तोड काढली पोपटने. पोपट कंपनीत पंपहाउसवर होता आणि रोह्याला एसटी स्टँडसमोर राहत होता, म्हणजे त्याच्या घरचीही तीच तऱ्हा.

"तू माझे घरी ये, मी तुझे घरी जातो," कॅन्टीनमध्ये तो हळूच म्हणाला. "रोह्यात तुला कोण वळखतो? पेणात मला कोण वळखतो? भाडं नाय, काय नाय. आणि जीप आली तरी कुलूप बघून परत जाईल."

"कुलूप कसं? आत आपण असणार ना."

"मग दार उघडायचं नाय. एवढंच."

दोघांची खाती वेगळी, त्यामुळे दोघांचीही रजा मंजूर झाली. साहेबांना दोघांनीही महाबळेश्वर सांगितलं. शुक्रवारी पोपट बायकोला, अनिताला, घेऊन पेणला गेला, सगुणा रोह्याला आली, आणि शनिवारी दुपारपर्यंत तिला खरोखर कुणी चहा मागितला नाही. ती खिडकीत नुसती बसून होती. कमळाकरने तिला असं नुसतं बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला बरं वाटलं, आणि थोडी शरमही वाटली.

रविवारी सकाळी अकराला दोनदा हॉर्न वाजला.

कमळाकरच्या हातातला पेपर गळून पडला. "जीप."

"ती पोपटभाऊजींसाठी आली असंल," सगुणा कुजबुजली.

"पण दाजी तुला वळखतो, मला वळखतो. खिडकीतून हो बाजूला."

दारावर थाप पडली. "पोपटभाऊ! चला, अर्ध्या कंपनीचे डोळे आलेत!"

डोळ्यांची साथ पसरली होती. कमळाकर श्वास रोखून उभा राहिला. बाहेर शांतता झाली. आत मात्र शेगडीवर अनिताचा कुकर होता, आणि तो फुसफुसायला लागला होता. सगुणाने धावत जाऊन गॅस बंद केला. दोघं कुकरकडे बघत हात जोडून उभी राहिली. कुकरने दोन क्षण विचार केला आणि जोरदार शिट्टी दिली.

"आत हाय कुनीतरी," दाजी म्हणाला.

कमळाकर मोरीत शिरला. तेवढ्यात शेजारच्या इंदुबाई मागच्या दाराने आत आल्या. "गो बाय, तो मानूस कवाचा हाका मारतंय. बहिरी हायस का?" असं म्हणत त्यांनी पुढची कडी काढलीसुद्धा.

दाजी आत आला आणि जागीच थबकला. "वहिनी? तुमी इथं?"

"मी... जरा हवापालटाला."

"आनी कमळाकरभाऊ?"

"ते महाबळेश्वरला गेलेत."

"तुमाला सोडून?"

सगुणा काही जुळवायच्या आतच इंदुबाईंनी मोरीकडे बोट केलं. "तो बाप्या का? तो आत्ताच मोरीत शिरला."

कमळाकर तोंड धुतल्यासारखं करून बाहेर आला. दाजीने खिशातून चिठ्ठी काढली. तिच्यावर दोन नावं होती : रोह्याचा पोपट, पेणचा कमळाकर. "बरं झालं, तुमची फेरी वाचली," तो खाली टेकत म्हणाला. "वहिनी, जरा चहा टाका."

सगुणाने चहा टाकला. जीपमध्ये बसताना कमळाकरने मागे वळून पाहिलं, तेव्हा तिची खिडकी रिकामी होती.

"पोपट कुठं हाय?" वाटेत दाजीने विचारलं.

"मला काय ठावं?" मित्राला तोंडघशी पाडणाऱ्यांतला कमळाकर नव्हता. वाटेतल्या निडी गावापर्यंत तो तोंड मिटून बसला. निडी गेल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर पोपट आला, त्याच्याच पलंगावर, त्याच्याच उशीवर, पंखा पाचवर ठेवून.

"पेणला. माझे घरात," तो म्हणाला.

दुपारी दोनला पोपटही कंपनीत हजर झाला. "तुझे पाव्हणे बी काय कमी नाय," त्याने आल्या आल्या सुनावलं. "दोन दिवसांत अकरा जण येऊन गेले. तू नाय म्हटलं तर बोलले, घर तर हाय ना."

पुढचे चार दिवस दोघांनी डबल ड्यूटी केली आणि स्टोअरमध्ये पोत्यांवर झोपले. गुरुवारी लोकांचे डोळे निवळले आणि साहेबांनी दोघांना सोडलं. रजेचे तीन दिवस अजून शिल्लक होते. आधी सगुणाला घ्यायचं, मग अनिताला, असं ठरवून ते पहिल्या एसटीने रोह्याला आले. सगुणाची समजूत कशी घालायची, याची कमळाकरने वाटभर मनातल्या मनात उजळणी केली.

दाराला कुलूप होतं. इंदुबाईंनी किल्ली दिली आणि घडी घातलेला कागद दिला. "पोपटा, तुझी अनिता सोमवारीच पेनवरना आली, पाव्हन्यांना वैतागून. दोगी रात्रभर हसत व्हत्या. मंगळवारी पिशवी घेऊन गेल्या."

कमळाकरने कागद उघडला.

'आम्ही दोघी आठ दिवस फिरायला जात आहोत. फिरायला साठवलेले पैसे दोघींना पुरतात, तेवढे घेतले आहेत. तिकडे आम्हा दोघींच्या माहेरचं कुणी नाही. कुठे ते लिहीत नाही, जीप येईल. सगुणा, अनिता.'

दोघं उंबऱ्यावर टेकले.

"इंदुबाई," शेवटी पोपट म्हणाला, "घोटभर चहा देता का?"

"नाय बा. त्या सांगून गेल्यात. बाप्ये आले तर चहा द्यायचा नाय, त्यांचा त्यांना करू दे."

मग कमळाकरने आधण ठेवलं, आणि पोपट स्वतःच्या घरात साखरेचा डबा शोधायला लागला. फळीवरचे सगळे डबे उघडून झाल्यावर तो इंदुबाईंना विचारायला गेला.