टुक्या काही मरत नाही

रमणभाईंनी माझ्या हातून एका माणसाला एकेचाळीस वेळा मारलं आणि एकेचाळीस वेळा जिवंत करून घेतलं. सकाळी साडेदहाला दुकानात यायचे, पंख्याखालची खुर्ची ओढायचे आणि भरल्या दुकानात बिनदिक्कत सांगायचे, "मंगलताई, आज त्याले मारी टाक." नवं गिऱ्हाईक दचकायचं. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज भरायला आलेल्या एक बाई तर अर्ज टेबलावर ठेवून ज्या गेल्या, त्या आजतागायत परत आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रमणभाई तोंड पाडून हजर. "झोप नही उनी ताई. त्याले जित्ता कर."

घाबरू नका. शहाद्याला एसटी स्टँडसमोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. रमणभाई कादंबरी लिहीत होते, मी ती टाइप करत होते, आणि मरणारा इसम म्हणजे तिच्यातला खलनायक टुक्या. कादंबरी विज्ञानाची. विश्वंभर आणि टुक्या हे दोन अमर पुरुष. नऊ हजार वर्षं झाली, दोघांचं एकमेकांशी हाडवैर. पृथ्वी पुरेना म्हणून ते मंगळावर गेले, मंगळ पुरेना म्हणून गुरूवर. विश्वंभर देखणा, शांत, परोपकारी. टुक्या बुटका, कानावर तीळ, जेवताना गुळाच्या खड्याशिवाय त्याचा घास उतरत नाही, आणि स्क्रू पिळताना नाकातल्या नाकात गुणगुणतो. एवढ्या बारीकसारीक खोडी खलनायकाला कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. "विज्ञान शे हाई," रमणभाई म्हणाले.

हे विज्ञान आहे, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. विश्वंभरने मंगळावर केळीची बाग लावली, तेव्हा मी न राहवून म्हटलं, "अहो, तिथं पाणी कुठाय?" तर म्हणाले, "ठिबक शे ना. विज्ञान शे हाई." टुक्याचं यान सातपुड्याच्या घाटात बंद पडलं आणि चार माणसांनी धक्का मारून ते थेट शनीपर्यंत गेलं. मी हात जोडले. "धक्का मारल्याशिवाय कोणती गाडी निंघस ताई? विज्ञान शे हाई." माणूस साधासुधा नव्हता हो. पस्तीस वर्षं पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात फिटर. खिशाला दोन पेनं आणि एक टेस्टर. लेखकाच्या खिशात टेस्टर मी दुसऱ्या कुणाच्या पाहिला नाही. त्यांच्या गुरूवरसुद्धा साखर कारखाना होता आणि पंधराव्या मरणात टुक्या तिथल्या मळीच्या टाकीत पडून मेला होता.

वैराचं कारण होतं तेजोवस्त्र. ब्रह्मांडाच्या दरबारात दोघांचा सत्कार झाला, पण वस्त्र एकच निघालं. ते विश्वंभरने घेतलं. सोबतचा ऊर्जागोल टुक्याने पळवला. एकाकडे वस्त्र, एकाकडे गोल, आणि दोन्ही एका जागी आल्याशिवाय महायान उडत नाही. मला ते वाचताना हसू यायचं. पण हे सगळं खरं घडलेलं आहे, हे मला त्यांच्या घरी कळलं.

शारदाभाभींनी, म्हणजे रमणभाईंच्या बायकोने, चहा पाजता पाजता सगळं सांगितलं. कारखान्याच्या वसाहतीत यांची खोली आणि यांच्या जोडीचे कामगार दशरथआप्पा यांची खोली, मध्ये एकच भिंत. भिंतीवर तीन ठोके दिले की चहाला ये, दोन दिले की भाजी पाठव. दोघांनी मिळून केळीचे घड शेतातून रस्त्यापर्यंत आणणारा दोरीचा पाळणा बनवला होता. घड खांद्यावर घेऊन चिखलातून चालायला नको, डागही पडायला नको. तापीकाठच्या एका गावाने खूश होऊन दोघांना सत्काराला बोलावलं. मांडवात बघतात तर शाल एक, नारळ एक. कोणीतरी मोजायला चुकलं होतं. गावकऱ्यांनी घाईघाईत शाल रमणभाईंच्या अंगावर टाकली आणि नारळ दशरथआप्पांच्या हातात ठेवला. येताना मोटारसायकलवर दशरथआप्पा मागे बसून एवढंच म्हणाले, "डोकं मन्हं, शाल तुन्ही." रमणभाईंनी गाडी थांबवली. "उतर खाले," म्हणाले. ते उतरले आणि चालत घरी गेले. तेव्हापासून भिंतीवर ठोका नाही. निवृत्तीनंतर रमणभाई शहाद्याला राहायला आले, दशरथआप्पा मुलाकडे सुरतेला गेले. बोलणं बंद होऊन आठ वर्षं झाली.

"पुस्तक पुरं झालं की त्याला पाठवणार आहेत," भाभी म्हणाल्या. "मला म्हणत नाहीत, पण मला कळतं. दुसरं कोण वाचणार ते?"

तेव्हापासून मी टुक्याला जरा सांभाळून टाइप करायला लागले. दुसऱ्या दिवशी रमणभाईंना तोंडावर विचारलंही, की शेवटी दोघांची दिलजमाई होणार ना? त्यांनी टेस्टर काढून खिशात परत ठेवला. "तेच ते जमी नही ऱ्हायनं ना ताई. पहिले कोन बोली?" बेचाळीस प्रकरणं झाली होती आणि गाडी तिथंच अडली होती. एक फोन करायचा होता माणसाला, तर गुरूपर्यंत जाऊन आला.

मग अखाजीच्या सणाआधी दहा-बारा दिवस ते एकाएकी यायचे बंद झाले. एक दिवस झाला, दोन झाले, आठवडा गेला. आमच्याकडे चैत्र-वैशाखाचं ऊन असं की सकाळी अकरानंतर कुत्रंही स्टँड ओलांडत नाही, म्हणून मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. नवव्या दिवशी आले. दाढी वाढलेली. खुर्ची ओढली नाही, उभेच राहिले.

"ताई, पुस्तक पुसी टाक."

"काय झालं?"

"दशरथ गया." मग माझ्या कीबोर्डकडे बघत म्हणाले, "टुक्या नही ते विश्वंभरनी कोनसंगे भांडानं?"

कारखान्याच्या जुन्या कामगारांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. त्यात दशरथआप्पांचा फोटो आला होता, भोवती झेंडूची चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, श्रद्धांजली, श्रद्धांजली. रमणभाईंनी तो एकदा पाहिला आणि फोन कपाटात टाकून दिला. सुरतेला जाणार कुठल्या तोंडाने, म्हणाले. पुस्तक काही मी पुसलं नाही. त्यांच्यासमोर उगाच चार बटणं दाबली आणि "झालं" म्हटलं. खोटं बोलले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.

अखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. खानदेशात दिवाळीपेक्षा मोठी. माहेरवाशिणी येतात, झोके बांधतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. मातीची नवी घागर, तिच्यावर छोटं मातीचं भांडं, वर डांगर म्हणजे खरबूज, दोन आंबे, सांजोरी म्हणजे गोड सारणाची पुरी. ज्याची त्याची घागर त्याच्या घरचेच भरतात. परक्याची कुणी भरत नाही. मी सांजोऱ्या घेऊन भाभींकडे गेले तर देवाजवळ दोन घागरी. एक रमणभाईंच्या वडिलांची. दुसरी कोणाची, हे मी विचारलं नाही. शेजारी घडी केलेली एक शाल होती.

"त्यानी घागर कोन भरी?" रमणभाई स्वतःच बोलायला लागले. "पोरगा सुरतमा. तठे अखाजी कोनले ध्यानमा? उन्हाया शे. तहान लागी त्याले." भाभींनी पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू.

मग त्यांनी कपाटातून फोन काढला, चार्जिंगला लावून सुरू केला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, घागरीचा फोटो काढ आणि ग्रुपवर टाक, खाली लिही की दशरथ, पाणी पिऊन घे. मी फोटो काढला, लिहिलं, पाठवलं. आम्ही ताटावर बसलो. रमणभाई आमरसाच्या वाटीकडे नुसते बघत होते. दोन घास झाले नसतील तोच फोन वाजला. मी तो हातात घेतला. पडद्यावर नाव होतं, दशरथ.

भाभी पाटावरून उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. रमणभाईंनी फोन माझ्या हातून घेतला, कानाला लावायच्या ऐवजी स्पीकर दाबला.

"रमन्या," पलीकडून आवाज आला, "मन्ही घागर भरी का रे तू?"

"हा," रमणभाई म्हणाले. "पोहचनी का?"

"मी जित्ता शे ना रे गाढवा."

झालं होतं असं. ग्रुपवर फोटो आला त्या दिवशी दशरथआप्पांचा वाढदिवस होता. त्यांच्या नातीने हौसेने झेंडूच्या चौकटीत फोटो घालून त्यांच्याच फोनवरून ग्रुपवर टाकला. पहिल्याने घाईत श्रद्धांजली लिहिली, मागून सगळ्यांनी मेंढरासारखी तीच लिहिली. ज्यांना पुढे कळलं, त्यांनी लाजेपोटी गुपचूप आपापली श्रद्धांजली पुसली आणि कुणाला बोलले नाहीत. आप्पांनीही खुलासा केला नाही. पहिले दोन दिवस हसले म्हणे. मग फोन हातात धरून बसले.

"सर्वास्नी लिखं," ते म्हणाले. "तू नही लिखं. मी रोज देखत व्हतू. म्हनं मरावरबी याना राग जात नही."

रमणभाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात आप्पाच म्हणाले, "आनि डांगर कच्चं ठेवं तुनी. फोटोमा दिखी ऱ्हायनं."

"पिकेल शे."

"कच्चं शे."

"पिकेल शे. येऊन देख," रमणभाई म्हणाले, आणि आठ वर्षांत जे जमलं नव्हतं ते बोलून गेले.

दोन दिवसांनी दशरथआप्पा सुरतेच्या गाडीने उतरले. बुटके, कानावर तीळ. भाभी नको नको म्हणत असताना ते आपल्याच नावाच्या घागरीतलं पाणी तांब्याने काढून घटाघटा प्यायले आणि थंड आहे म्हणाले. चार दिवस राहिले. बेचाळीसच्या बेचाळीस प्रकरणं वाचली. एकेचाळीस मरणांपैकी सहा त्यांना आवडली. मळीच्या टाकीला झाकण असतं, टुक्या पडेलच कसा, यावर माझ्या दुकानात दोन तास वाद झाला आणि झेरॉक्सला आलेली माणसं त्यात उतरली. आप्पा हातपाय धुवायला गेले तेव्हा रमणभाई माझ्याजवळ वाकून म्हणाले, "मी कादंबरी लिखत नव्हतू ताई. त्यासंगे बोलत व्हतू."

पाचव्या दिवशी आप्पा निघाले. मुलाला चिंता लागली होती. साडेदहाची सुरत, म्हणून दोघं दहालाच स्टँडवर जाऊन बसले. बाराच्या सुमारास भाभींचा मला फोन, हे अजून घरी आले नाहीत, जरा बघता का? मी शटर अर्धं ओढून रस्ता ओलांडला. बाकावर दोघं बसले होते. मध्ये माझी टाइप केलेली पानं, त्यांवर दोन पेनं चाललेली. समोर सुरतेची गाडी उभी होती, कंडक्टर घंटी मारत होता.

"आप्पा, ही तुमची ना?" मी विचारलं.

"हाई दुसरी," कंडक्टरच म्हणाला. "पहिली बी त्यास्नी सोडी दिन्ही."

आप्पांनी मान वर केली नाही. रमणभाईंनी कंडक्टरला हाताने जा म्हणून खूण केली, आणि मला म्हणाले, "ताई, भाभीले सांग, जेवाले दोन जन येतस."