मृत्युलेखातला गोलरक्षक

एक वाक्य जीनिननं गाळलं असतं, तर ऑगस्ट ब्रँडमायरची अंत्ययात्रा वेळेवर निघाली असती. पण तिनं ते गाळलं नाही आणि सेंट लुईसच्या पेपरानंही ते जसंच्या तसं छापलं. मृत्युलेखात जन्म, लष्करातली नोकरी, प्लंबिंगचा धंदा, मागे पत्नी लोरेटा आणि एक मुलगी, हे सगळं रीतसर होतं. आणि शेवटी हे वाक्य: 'ब्रॅड फ्रीडेल हाच अमेरिकेचा सर्वश्रेष्ठ गोलरक्षक, असं त्यांचं अखेरपर्यंत ठाम मत होतं.'

हे वडिलांनी तिला हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं, नाकावरची नळी बाजूला सारून, तिचा हात धरून. स्वतः ऑगी तरुणपणी चर्चच्या संघाचा गोलरक्षक होता, तेव्हा त्याच्या दृष्टीनं ही साधी गोष्ट नव्हती. बापानं जाता जाता आपल्या एकटीच्या पदरात टाकलेलं हे गुपित, असं जीनिनला वाटलं. त्या आठवड्यात तिला धरून ठेवायला दुसरं फारसं काही नव्हतं.

आईची अट एकच होती. "आज सॉकर नको," काळे हातमोजे चढवत लोरेटा म्हणाली. "माझ्या लग्नात झालं. तुझ्या बाप्तिस्म्यात झालं. माझं पित्ताशय काढलं तेव्हा तर ऑपरेशन थिएटरच्या दारात झालं. आज मला माझ्या नवऱ्याला शांतपणे पोचवू दे."

"नाही होणार, मॉम. माझा शब्द."

शब्द चर्चच्या पायरीपर्यंत टिकला.

पायरीवर विन्स पॅगानो उभा होता. शवपेटी उचलणारे सहाही जण ऑगीच्या जुन्या संघातले, त्याच्यापुढे बचावाला खेळलेले. आता सगळ्यांची सत्तरी उलटली होती आणि गुडघे बदलून झाले होते. विन्सनं जीनिनला कवटाळलं, डोळे पुसले आणि खिशातून पेपरचं कात्रण काढलं.

"पोरी, हे फ्रीडेलचं काय लिहिलंस?"

"डॅडनीच सांगितलं, अंकल विन्स."

"शक्यच नाही! गोलरक्षक म्हटला की तुझा बाप केलरवाला. मी म्हणायचो बोर्गी, कारण बोर्गी आपल्या गावचा, आमच्याच वस्तीतला. इंग्लंडला एकही गोल करू दिला नाही त्यानं. आणि तुझा बाप मला आयुष्यभर केलर, केलर करून छळायचा."

"ऑगी केलरवाला?" मागून त्याच संघातल्या मर्व लिंडनरचा आवाज आला. "अरे, केलरवाला मी आहे! ब्राझीलला रडवलं त्यानं. ऑगी बोर्गीवाला होता. माझ्या मुलाच्या लग्नात बोर्गीवरून त्यानं केकचा तुकडा फेकला होता माझ्यावर."

"बोर्गीवाला असता तर मला सांगितलं नसतं?"

"तुला कोण कशाला सांगेल?"

"मला तर म्हणाला होता, हॉवर्ड सोडून कुणीही," पेटी उचलणाऱ्यांतलाच डेल मधेच म्हणाला. डेल हॉवर्डवाला. "बेल्जियमविरुद्ध एकट्यानं भिंत उभी केली होती त्यानं."

"आणि सामना हरलो," विन्स आणि मर्व एका सुरात म्हणाले. दोघांचं त्या दिवसातलं पहिलं एकमत.

जीनिननं ओठांवर बोट ठेवलं. प्रार्थना पार पडली, निदान वरवर तरी. प्रवचन चालू असताना मागच्या बाकांवरून 'पेनल्टी' असा शब्द दोनदा ऐकू आला, आणि लोरेटानं मान न वळवता मुलीच्या दंडाला चिमटा काढला.

खरी पंचाईत पेटी उचलताना झाली. अंत्यविधीवाल्या माणसानं उंची बघून तिघं इकडे, तिघं तिकडे उभे केले होते. त्यात विन्स आणि मर्व समोरासमोर आले.

"याचं थोबाड बघत मी ऑगीला नेणार नाही," मर्व म्हणाला. "माझी जागा बदला."

त्याची जागा बदलली, तर डेल म्हणाला, मग मीही हॉवर्डवाल्यांबरोबर जातो. हॉवर्डवाले दोघेच होते, ते मर्वच्या बाजूला गेले. उरलेल्या दोघांना कुणाचंच काही नको होतं, पण विन्सनं त्यांना बखोटीला धरून बोर्गीच्या बाजूला ओढलं. अशी मतांप्रमाणे मांडामांड झाली, तेव्हा उंच माणसं सगळी एका बाजूला आली आणि ठेंगणी दुसऱ्या बाजूला. पेटी उचलली ती कलंडलीच.

"सरळ धरा!" अंत्यविधीवाला दातांतल्या दातांत किंचाळला.

"सरळच धरलीय. केलरवाल्याचीच बाजू खाली जातेय," विन्स म्हणाला.

"केलर असा उडी मारून..." असं म्हणत मर्वनं दाखवण्यासाठी एक हात सोडला. पेटी आणखी कलली. आतून काहीतरी सरकल्याचा आवाज आला. पेटी घाईघाईनं चाकाच्या गाड्यावर परत टेकवली गेली. बाहेर गाड्यांची रांग दिवे लावून उभी होती. पोलिसानं चौक अडवून धरला होता आणि पलीकडून हॉर्न वाजायला लागले होते.

"आधी ठरू दे," विन्स हाताची घडी घालून म्हणाला. "मग उचलू. मी इतकी वर्षं त्याच्या कुठल्या मताशी भांडलो, तेवढं तरी मला कळायला नको?"

शेवटी फादर डुगन मधे पडले. "बाबांनो, हे देवाचं घर आहे. ऑगीचं खरं मत मला ठाऊक आहे."

सगळे फादरभोवती गोळा झाले.

"सांगा की, फादर."

"सांगता येत नाही. कबुलीजबाबात सांगितलंय त्यानं."

त्यावर जो गलका झाला, तसा त्या चर्चमध्ये नाताळातही झाला नसेल.

"कबुलीजबाबात? म्हणजे ते पाप होतं?"

"मग हॉवर्डच असणार!" मर्व ओरडला.

"तोंड सांभाळ!" डेल म्हणाला.

"फादर, नुसती मान हलवा. उंच की बुटका?"

फादरनी कपाळाला हात लावला. जीनिन खांबाला टेकून उभी राहिली. भांडणापेक्षा तिला दुसरंच टोचत होतं. डॅडनी सगळ्यांना वेगवेगळं सांगितलंय, तर मग मला सांगितलं त्याचं काय? तो हात धरणं, ती नळी बाजूला करणं?

गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. बाहेर गाडीत जाऊन बसलेली लोरेटा पायऱ्या चढून वर आली. तिला बघून सहा म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिले.

"विन्स, तू बोर्गी म्हणायचास. त्यानं तुला काय सांगितलं?"

"केलर."

"मर्व, तू केलर म्हणायचास. तुला?"

"बोर्गी."

"जीनिन, त्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तू आधी काय म्हणालीस?"

जीनिनला आठवलं. "हॉवर्ड. मी म्हटलं, डॅड, हॉवर्डच ना? मग ते फ्रीडेल म्हणाले."

"तू फ्रीडेल म्हणाली असतीस तर हॉवर्ड म्हणाला असता." लोरेटानं पेटीवर हात ठेवला. "लग्नानंतर मी त्याला विचारलं होतं, लोकांशी उलट का बोलतोस रे? म्हणाला, हो म्हटलं की माणूस कॉफी संपवून घरी जातो. नाही म्हटलं की आणखी तासभर बसतो."

 मर्वनं नाक शिंकरलं. मग सहाही जण मुकाट्यानं आपापल्या उंचीप्रमाणे उभे राहिले आणि पेटी उचलली.

दफनभूमीत गाडीपासून खड्ड्यापर्यंत चढ होता. पेटी सरळ होती, पावलं एका तालात होती. मिठाची गुळणी धरल्यासारखे सगळे गप्प. लोरेटाला हवी होती तशी अंत्ययात्रा अखेर तिला मिळाली होती. ती थोडं अंतर चालली आणि तिनं मुलीच्या कानाशी तोंड नेलं.

"बाई गं, हे भलतंच भयाण वाटतंय. काहीतरी बोल ना."

"शब्द दिलाय मी तुला."

"परत घे."

जीनिननं डोळे पुसले, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "खरं सांगू का, मला तर टोनी मिओलाच सर्वश्रेष्ठ वाटतो."

पेटी जागच्या जागी थबकली.

"मिओला?" विन्स म्हणाला.

"तो शेंडीवाला?" मर्व म्हणाला.

"पोरी, बापाच्या अंगावर माती तरी पडू दे!"

आणि सहाही जण, एकमेकांना दुजोरा देत, एकाच वेळी तिच्यावर तुटून पडत, ऑगीला घेऊन तरातरा चढ चढायला लागले.