दहावा माणूस

शुक्रवारच्या चहाला दहा पुरुष जमल्याशिवाय एझ्रामास्टर तोंड उघडत नसत. आठ असले तर बॉयलरवरून भिकाभाऊला हाक जायची. नऊ झाले की गेटवरचा वॉचमन यायचा, आणि तेवढा वेळ सुरतेच्या पांडेसऱ्यातली आमची मिल देवाच्या भरवशावर. मी समोरच्याच टेबलावर डिस्पॅचची यादी घेऊन बसलेली असे. मला धरलं असतं तर दहा सहज होत होते. पण मला कुणी धरत नसे.

मोजायची रीतही वेगळीच. माणसांना आकड्यांनी मोजायचं नाही, असं त्यांच्यात आहे. म्हणून ते दहा शब्दांचं एक हिब्रू वचन म्हणत, स्वतःपासून सुरू करून एकेका माणसाकडे बघत एकेक शब्द टाकत. आपला शब्द आला की भिकाभाऊ टोपी काढून हात जोडायचा आणि लगेच कुरकुरायचा, "चाय थंडी व्हई राह्यनी, मास्टर."

एझ्रा चौलकर हे आमचे डाइंग मास्टर, कापडाच्या रंगाचे प्रमुख. मूळचे कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. त्यांच्या तोरा या धर्मग्रंथाचे भाग पाडलेले असतात, दर आठवड्याला एक. सिनेगॉगमध्ये तो शनिवारी वाचतात आणि त्याला दहा पुरुष लागतात. सुरतेत मास्टर एकटेच. शनिवारी ते रजेवर असत, म्हणून शुक्रवारी कँटीनमध्ये त्या आठवड्याचा धडा आम्हाला मिळे.

"धर्माने तुम्ही कुणीच चालत नाही," ते स्पष्ट सांगत. "ऐकायला चालता."

त्यांच्या मते मिल कशी चालवावी हे सगळं तोरात होतं. दिवाळीनंतर नोहा यायचा. "प्रलय येणार म्हणून नोहाने जहाज बांधलं, माल वेळेत भरला. पण शेजाऱ्यांना एक शब्द बोलला नाही. म्हणजे स्टोअरकीपर चांगला, सुपरवायझर वाईट." थंडीत त्यांच्या लोकांचा पुढारी मोशे, त्याचे सासरे यायचे. सगळे तंटे एकटाच सोडवत बसलास तर झिजून जाशील, हाताखाली माणसं नेम, असं त्यांनी जावयाला सांगितलं होतं. हे ऐकून शेठनी खरोखरच दोन असिस्टंट ठेवले. देवाच्या तंबूच्या पडद्यांचं वर्णन आलं की मात्र मास्टर चिडत. "निळा, जांभळा, किरमिजी, सगळं लिहिलंय. रंगाची रेसिपी कुठेय?"

अडचण एकच. धडा ज्या आठवड्याचा, त्याच आठवड्यात मिळायचा. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर प्रिंटिंगवाल्यांनी मुकादमाविरुद्ध बंड केलं, तर मास्टर म्हणाले, "बंडाचा भाग जूनमध्ये येतो. तोवर थांबा." आश्चर्य म्हणजे ते थांबले.

सर्वांत त्रासदायक भाग डागांचा. कापडावर हिरवट किंवा तांबडा डाग दिसला तर पुरोहिताने ते सात दिवस बंद करून ठेवावं, सातव्या दिवशी पुन्हा बघावं आणि डाग पसरला असेल तर जाळावं. मास्टरांनी हा नियम मिलला लावला होता. डागी लॉट सात दिवस कुलपात. शेठ कपाळाला हात लावून विचारायचे, "मास्टर, कापड पण बिमार पडे?"

"पडे," मास्टर म्हणायचे.

तो भाग नेमका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास येतो आणि आखाजीला अर्धी मिल खानदेशात गेलेली असते. त्या वर्षी तर अडचणींची रांगच लागली. आदल्या वर्षी याच दिवसांत मास्टरांच्या पत्नी रेबेकाबाई गेल्या होत्या. त्यांची पहिली तिथी शुक्रवारी होती. त्या दिवशी म्हणायच्या प्रार्थनेलाही दहा पुरुष लागतात. मास्टरांनी मुंबईचं तिकीट काढून ठेवलं होतं. आणि त्याआधीच्या शनिवारी, ते रजेवर असताना, मोरपंखी साड्यांच्या लॉटवर डाग निघाला. तो लॉट कुलपात टाकायचं मीच शेठना फोनवर विचारून ठरवलं. सातवा दिवस शुक्रवारी आला.

"तुम्ही जा मास्टर," मी म्हटलं. "डाग मी बघते. मला डोळे आहेत."

"पाटीलबाई, डाग पुरोहिताने बघायचा असतो. डिस्पॅचने नाही."

"मग सहाव्या दिवशी बघून जा."

"नियम मीच केला. मीच मोडू?"

तिकीट परत गेलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी कुलूप काढलं आणि साडी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. डाग पसरला नव्हता. "धुऊन पाठवा," एवढंच बोलले आणि कँटीनमध्ये जाऊन बसले.

कँटीनमध्ये तीन माणसं होती. मास्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, वचन सुरूच केलं नाही आणि चहाचा कप पालथा घातला.

अशा वेळी मला नुसतं बसवत नाही. वॉचमनला आणलं. पार्टीच्या टेम्पोचा गुजराती ड्रायव्हर लॉटची वाट बघत होता, त्याला आणलं. शेजारच्या मिलमधून तीन ओडिया कारागीर मागून आणले, चहाच्या बोलीवर. "मराठी समझता नहीं," त्यातला एक म्हणाला. "हिब्रू कुणाला समजतंय," मी म्हटलं. तरी मास्टरांना धरून नऊच होत होते आणि आता रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

मास्टर उठून उभे राहिले. स्वतःपासून सुरुवात केली. एकेक शब्द, एकेक माणूस. नववा शब्द ड्रायव्हरवर पडला. मग ते थांबले, माझ्या टेबलाकडे वळले आणि दहावा शब्द माझ्याकडे बघून म्हणाले.

"प्रार्थना म्हणणार नाही," ते म्हणाले, "ती अशी चालत नाही. धडा सांगतो."

त्या दिवशी मिलचं नाव निघालं नाही. अंगावर डाग उठलेल्या माणसाला छावणीबाहेर एकटं ठेवतात, ते म्हणाले. मग पुरोहित त्याला आत बोलावत नाही, स्वतः बाहेर जाऊन बघतो. "पुढाऱ्याने कसं वागावं याचा हा धडा, असं मी घरी दरवर्षी सांगायचो. आणि रेबेका दरवर्षी पोळ्या लाटता लाटता एकच विचारायची. पुरोहित जाणार सातव्या दिवशी. तोवर त्या माणसाला जेवण कोण नेतं?"

त्यांनी पुढ्यातला पालथा कप थोडा बाजूला सरकवला.

"तोरात लिहिलेलं नाही," मास्टर म्हणाले. "मी पुष्कळ शोधलं."

माझ्या डब्यात आखाजीच्या सांजोऱ्या होत्या. मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि ड्रायव्हरला म्हटलं, "बघत काय बसलास, मास्टरांचा कप सरळ कर."