तात्यांनी पंखा लावला

आमच्या शेजारचे तात्या कुणाच्याही घरात शिरले की आधी पंखा बंद करतात, मग चपला काढतात. घरातले घाम पुसत बघत राहतात. तात्या म्हणतात, "वारं लय वाईट. टाका सडवतंय."

टाका म्हणजे वेल्डिंगचा. तात्या मिलिटरीत ड्रायव्हर होते. आता पेन्शन घेतात आणि कुंडलहून कराडला एका गॅरेजात टिग वेल्डिंग शिकायला जातात. त्यात ठिणगीभोवती गॅस सोडतात. वाऱ्यानं तो उडाला की जोडाला भोकं पडतात. मी फारशी बोलत नाही, म्हणून तात्या हे सगळं मलाच सांगतात.

हा खटाटोप जुन्या जीपच्या सायलेन्सरसाठी. तात्यांच्या बायकोला, काकींना, दिसत नाही. ओढ्याच्या वळणावर जीपचा आवाज आला की त्या चहाचं आधण ठेवायच्या. पण सायलेन्सर गंजून फुटला आणि जीप ट्रॅक्टरसारखी ओरडायला लागली. आमची म्हैस पान्हा चोरायला लागली. काकी तर उसाच्या ट्रॅक्टरला फसून चहा करून बसल्या.

"तात्या, नवा बसवा की!" सगळे म्हणाले.

"नव्याचा आवाज येगळा असतोय. हिला कसं कळंल?"

गावातल्या वेल्डरनं साधं वेल्डिंग करून बघितलं, तर पातळ पत्रा जळून भोक आणखी मोठं झालं. तेव्हा तात्यांनी स्वतःच शिकायचं ठरवलं. एका हातात ठिणगीची दांडी, दुसऱ्या हाताच्या बोटांनी जोडात वितळणारी तार पुढं सरकवायची. त्याचा सराव कुठंही चालायचा. आमच्या सत्यनारायणाला हातात उदबत्ती दिली, तर श्वास रोखून तीच सरकवत बसले.

"तात्या, ओवाळा," भटजी म्हणाले.

"थांबा वं, सरळ जाऊ द्या!"

शेवटी एकदा सायलेन्सर जोडून जीप आली. मी काकींजवळ तांदूळ निवडत होते. आवाज ट्रॅक्टरसारखा नव्हता, पण पहिल्यासारखाही नव्हता. अगदी मऊ.

"कुणाकडं पावणं आलं गं?" काकींनी विचारलं.

तात्यांनी ते ऐकलं. स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. मग जीप लिंबाखाली लावायला त्यांनी गिअर टाकला. करर्र!

काकी भिंतीला हात लावत उठल्या. "आवाज कसा का असंना, असा गिअर खरडणारं दुसरं कोण हाय? मिलिटरीनं ह्यास्नी कसं ठिवून घेतलं, देव जाणे!"

त्यांनी आधण ठेवलं.

तात्या आत आले. आज चपला आधी काढल्या. काकींच्या कपाळावर घाम आला होता. तात्या बटणाकडं गेले. पंखा बंदच होता. त्यांनी तो लावला.